पहिलं फाउंडेशन घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या एका सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात मी सात वर्षं काउंटरवर होते. आता लग्नसराईत नवरीचे मेकअप करते आणि उरलेल्या दिवसांत नवशिक्या मुलींना, त्यांच्या आयांना, कधी मावश्यांना खरेदीत मदत करते. खालचे प्रश्न मला जवळपास रोज येतात. सगळ्यांना एकदाच नीट, सविस्तर उत्तर द्यावं म्हणून लिहायला बसले.

मला मेकअपमधलं काहीच कळत नाही. सुरुवात फाउंडेशनपासूनच करायची का?

नाही. आधी मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, काजळ आणि तुम्हाला शोभेल अशी एक लिपस्टिक. एवढ्यावर महिनाभर राहा. आपल्या चेहऱ्याला हात लावायची सवय होते, दुपारपर्यंत त्वचा कुठे तेलकट होते आणि कुठे ताणल्यासारखी वाटते हे कळतं. ही माहिती पुढे फाउंडेशन निवडताना फार उपयोगी पडते, आणि ती काउंटरवरची कोणतीही ताई दोन मिनिटांत तुमच्याकडे बघून सांगू शकत नाही.

फाउंडेशनचं काम एकच: चेहऱ्याचा रंग सगळीकडे सारखा दिसायला मदत करणं. ते आवश्यक वाटत नसेल तर घेऊच नका. डाग दोनच असतील तर त्या दोन डागांवर कन्सीलर, म्हणजे डाग झाकणारं दाट क्रीम, पुरतं.

माझी शेड नेमकी कशी ओळखायची?

मनगटावर किंवा हाताच्या पाठीवर लावून बघू नका. बहुतेक जणींचा हात चेहऱ्यापेक्षा वेगळ्या रंगाचा असतो. गाडी चालवणाऱ्यांचा तर नक्कीच.

जबड्याच्या हाडावर, गाल संपून मान सुरू होते तिथे, बोटभर लांबीचे तीन उभे पट्टे ओढा. एक तुम्हाला बरोबर वाटते ती शेड, एक तिच्याहून थोडी उजळ, एक थोडी गडद. पट्टे हलकेच थोपटा, पण पसरून टाकू नका. मग दुकानाच्या बाहेर या. हे महत्त्वाचं आहे. दुकानातले दिवे पिवळे तरी असतात नाहीतर निळसर पांढरे, आणि आरशाभोवतीच्या दिव्यांत सगळंच छान दिसतं. दाराशी, सावलीत, उघड्या उजेडात आरसा धरा किंवा सोबत आलेल्या बहिणीला बघायला सांगा. जो पट्टा शोधावा लागतो, ती तुमची शेड. जो पांढुरका किंवा राखाडी दिसतो तो उजळ आहे, जो विटकरी किंवा मातकट दिसतो तो गडद आहे.

आता अजून एक गोष्ट करा, जी फार थोड्या जणी करतात: लगेच विकत घेऊ नका. पट्टे तसेच ठेवून अर्धा तास बाजारात फिरा, चहा प्या, बांगड्या बघा. मग परत उजेडात बघा. ज्या दिवशी शेड बघायला जाल त्या दिवशी चेहऱ्यावर पावडरही नको, आणि उन्हातून तडक आल्यावर लाल झालेल्या चेहऱ्यावर तर बघूच नका.

हा अर्धा तास कशासाठी?

कारण बरीच फाउंडेशन्स लावल्यावर थोडी गडद होतात. त्यातलं पाणी आणि उडून जाणारे घटक निघून जातात, मागे राहिलेलं रंगद्रव्य दाट दिसायला लागतं, वर आपल्या त्वचेचं तेल त्यात मिसळतं. तेलकट चेहऱ्यावर हा फरक जास्त. ‘दुकानात बरोबर होतं, घरी आल्यावर काळपट दिसलं’ ही तक्रार बहुतेक वेळा यातून येते. त्यात दुकानदाराने फसवलेलं नसतं, तुमचंही चुकलेलं नसतं, फक्त थांबायचं राहून गेलेलं असतं.

अंडरटोन म्हणजे काय? मनगटाच्या शिरा बघून कळतो म्हणतात.

त्वचेचा वरचा रंग म्हणजे गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळा. त्याच्या खालून जी झाक जाणवते तो अंडरटोन. दोन सावळ्या बहिणी शेजारी उभ्या करा. एकीत हळदीची झाक दिसेल, दुसरीत जांभळाची. दोघींचा सावळेपणा सारखाच, पण एकीचं फाउंडेशन दुसरीला लावलं तर चेहरा आजारी दिसेल. पिवळसर-सोनेरी झाकेला वॉर्म म्हणतात, गुलाबी-लालसर किंवा निळसर झाकेला कूल, आणि मधल्याला न्यूट्रल. आपल्याकडे चौथा प्रकारही खूप दिसतो, हिरवट झाकेचा, ज्याला ऑलिव्ह म्हणतात. अशा मुलींना पिवळं फाउंडेशन नारिंगी वाटतं आणि गुलाबी फाउंडेशन तर मुखवट्यासारखं दिसतं. मग त्या म्हणतात, मला काही शोभतच नाही. शोभतं, फक्त शेड शोधावी लागते.

शिरांची चाचणी मी सोडून दिली आहे. सावळ्या हातावर शिरा नीट दिसत नाहीत, दिसल्या तरी हिरव्या की निळ्या यावर दोघांचं एकमत होत नाही. सोन्याचे दागिने शोभतात की चांदीचे, हेही आपल्याकडे चालत नाही. लहानपणापासून अंगावर सोनंच बघितलेल्या मुलीला सोनंच शोभतं असं घर सांगणार. त्यापेक्षा पिवळसर, गुलाबी आणि न्यूट्रल असे एकाच गडदपणाचे तीन पट्टे जबड्यावर ओढा. डोळ्यांना लगेच कळतं.

दुकानात नेहमी एक शेड उजळ देतात. ‘लग्नकार्याला असंच घ्यायचं असतं’ म्हणतात. काय करू?

मीही काउंटरवर नवीन होते तेव्हा हेच शिकवलं गेलं होतं. गिऱ्हाइकाला उजळ दाखवलं की आरशात क्षणभर बरं वाटतं आणि बाटली विकली जाते. मग ती मुलगी समारंभात राखाडी चेहरा आणि सावळी मान घेऊन वावरते, फोटोत ते कायमचं राहतं, आणि घरी कुणीतरी म्हणतं, ‘तुला मेकअप नाही शोभत.’ एका मुलीने हे वाक्य मनाला इतकं लावून घेतलं होतं की तिने चार वर्षं लिपस्टिकसुद्धा लावली नव्हती. तिला योग्य शेड लावली तेव्हा ती आरशाकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, ‘ही तर मीच आहे.’

यामागे जुनी सवय आहे. स्थळांच्या जाहिरातींत ‘गोरी’, ‘गव्हाळ’ असं लिहिणारा आपला समाज. गोरेपणाचं सर्वांत ओळखीचं क्रीम १९७५ साली बाजारात आलं आणि त्याच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द जायला २०२० साल उजाडलं. पंचेचाळीस वर्षं घरोघरी जे ऐकलं ते काउंटरवरही ऐकू येणारच.

म्हणून आत शिरतानाच स्पष्ट बोला. ‘मला उजळ दिसायचं नाही, माझ्या मानेशी जुळणारी शेड हवी आहे. तीन शेड लावून द्या, मी बाहेर उजेडात बघून येते.’ एवढी दोन-तीन वाक्यं पाठ करून जा. चांगल्या विक्रेतीला अशी गिऱ्हाइकं आवडतात, कारण ती बाटली परत घेऊन येत नाहीत. समोरची तरीही उजळच पुढे करत असेल तर ‘धन्यवाद, विचार करून येते’ म्हणून निघा. टेस्टर लावून घेतला म्हणून खरेदी केलीच पाहिजे असं अजिबात नाही. आणि सोबत जिला न्यायचं ती मैत्रीण तुमच्या रंगावर प्रेम करणारी असू दे.

माझा चेहरा आणि मान वेगवेगळ्या रंगाची आहे. जुळवायचं कशाशी?

आपल्याकडे हे फार सामान्य आहे. कपाळ आणि तोंडाभोवतीचा भाग गडद, गाल उजळ, मान त्याहून वेगळी. चेहरा मानेपेक्षा थोडाच गडद असेल तर मानेशी जुळवा. फरक मोठा असेल तर गळ्याखालचा, साडी-ब्लाउजमध्ये दिसणारा छातीचा भाग बघा आणि चेहरा व तो भाग यांच्या मधली शेड घ्या, म्हणजे सगळं एकाच अंगाचं वाटतं. कपाळाचा गडद भाग पुसून टाकायचा प्रयत्न करू नका. तिथे थर चढवला की तो भाग राखाडी होतो. पातळ हात फिरवा आणि थोडी छटा राहू द्या. चेहऱ्याला उंचसखलपणा असतो तो त्या छटांमुळेच.

दोन गोष्टी मात्र मेकअपच्या आधी डॉक्टरांकडे न्यायच्या. मानेच्या मागे, काखेत त्वचा काळी आणि मखमलीसारखी जाड झाली असेल तर ती घासून जाणारी मळकट त्वचा नव्हे. शरीरात इन्सुलिनला नीट प्रतिसाद मिळत नसला की असं होतं, आणि रक्तातली साखर तपासून घ्यावी लागते. किती मुलींच्या माना त्यांच्या आयांनी दगडाने घासल्या आहेत, मला बघून वाईट वाटतं. दुसरं म्हणजे वांग. गालांवर आणि ओठांच्या वर तपकिरी पट्टे येतात, गरोदरपणात बऱ्याच जणींना येतात. ते उन्हाने वाढतात, आणि नुसत्या अतिनील किरणांनी नाही तर डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही वाढतात. फाउंडेशनला रंग देणारं आयर्न ऑक्साइड हा प्रकाश काही प्रमाणात अडवतं, म्हणून वांग असलेल्यांना त्वचारोगतज्ज्ञ रंग असलेलं सनस्क्रीन सुचवतात. इथे रंगाचा थर खरोखर औषधाच्या मदतीला येतो.

बाटलीवरच्या अक्षरांचा आणि आकड्यांचा अर्थ काय?

सगळ्या कंपन्यांची मिळून अशी एक पद्धत नाही. एका कंपनीची २२० दुसरीच्या २२० शी जुळेलच असं नाही. साधारणपणे डब्ल्यू म्हणजे वॉर्म, सी म्हणजे कूल, एन म्हणजे न्यूट्रल. पण मॅक या कंपनीत हे उलटं वाटेल असं आहे: तिथे एनसी शेड पिवळसर-सोनेरी त्वचेला आणि एनडब्ल्यू शेड गुलाबीसर त्वचेला. ‘मी वॉर्म, म्हणून डब्ल्यू’ असा हिशेब करून घेतलेल्या बाटल्या मी बऱ्याच पाहिल्या आहेत. ‘नॅचरल’, ‘आयव्हरी’, ‘हनी’ ही नावं तर निव्वळ नावं. एकेकाळी ‘नॅचरल’ या नावाखाली गोरीच शेड मिळायची.

माझ्याइतक्या सावळ्या रंगाची शेडच मिळत नाही. चूक माझी आहे का?

तुमची चूक मुळीच नाही. टाटांनी १९५२ साली लॅक्मे सुरू केलं तेव्हापासून भारतीय बाजारात देशी प्रसाधनं आहेत, पण फाउंडेशनच्या शेड बराच काळ हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच असायच्या आणि त्याही गोऱ्या-गव्हाळ टोकाला. २०१७ साली रिहाना या गायिकेच्या फेंटी ब्युटी कंपनीने एकदम चाळीस शेड बाजारात आणल्या, गडद शेड लगेच खपल्या, आणि मग जगभरच्या कंपन्यांना आपली पेटी मोठी करावी लागली. आता आपल्याकडेही परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. अडचण उरते ती लहान गावातल्या दुकानांची, जिथे कंपनीच्या वीस शेडपैकी पाचच ठेवलेल्या असतात. अशा वेळी दुकानात जे आहे त्यातलं ‘जवळचं’ घेऊ नका. शेडचा क्रमांक सांगून मागवून घ्या.

आमच्या गावात काउंटर नाही. फोटो पाठवून कुणाला शेड विचारता येईल का?

येईल, पण फोटो नीट हवा. सकाळी खिडकीकडे तोंड करून उभ्या राहा, थेट ऊन नको. घरातले दिवे बंद, फ्लॅश बंद, कॅमेऱ्याचं ब्युटी फिल्टर बंद. हे फिल्टर पुष्कळ फोनमध्ये आपोआप चालू असतं, ते आधी तपासा. चेहरा धुतलेला, केस मागे, मान आणि गळा दिसेल असा ड्रेस. आणि गालाशेजारी वहीचा पांढरा कोरा कागद धरा. कागद फोटोत पिवळट दिसला तर समोरच्याला कळतं की फोटोतला रंगही पिवळट आहे.

सोबत लिहा: याआधी कोणतं फाउंडेशन किंवा कॉम्पॅक्ट वापरलं, कोणती शेड, ती उजळ वाटली की गडद, नारिंगी की गुलाबी. ही एक ओळ पाच फोटोंपेक्षा जास्त सांगते. ‘मला कोणती शेड बसेल?’ एवढंच विचारलं तर उत्तरही अंदाजपंचेच मिळणार.

शक्य असेल तिथे आधी छोटं पॅक मागवा. बाटली साधारण ३० मिलीची असते आणि उघडल्यावर परत घेत नाहीत.

लिक्विड, स्टिक, कॉम्पॅक्ट, बीबी क्रीम: नवशिक्याने काय घ्यावं?

मुंबई-कोकणातल्या दमट हवेत तेलकट त्वचेला मॅट, म्हणजे चमक न ठेवणारं, लिक्विड, तेही पातळ. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या उन्हाळ्यात किंवा नाशिकच्या थंडीत तेच मॅट फाउंडेशन गालावर भेगाळतं, तिथे ओलसर फिनिशचं घ्या. रोज कॉलेजला, ऑफिसला जायचं असेल तर बीबी क्रीम, म्हणजे हलका रंग असलेलं क्रीम, किंवा रंग असलेलं सनस्क्रीन पुरे. थोडी शेड चुकली तरी खपून जाते, कारण थर पारदर्शक असतो. स्टिक प्रवासाला सोयीची, पण सुरुवातीला हात जड पडतो. नुसता कॉम्पॅक्ट लावायचा असेल तर कोरड्या चेहऱ्यावर नको, मॉइश्चरायझर मुरल्यावर लावा.

लावायचं कसं? माझं नेहमी थापल्यासारखं दिसतं.

बहुधा तुम्ही जास्त घेताय आणि घाई करताय.

चेहरा धुवा, मॉइश्चरायझर लावा, सनस्क्रीन लावा आणि दहा मिनिटं दुसरं काहीतरी करा. केस विंचरा, डबा भरा. खालचा थर ओला असताना फाउंडेशन चोळलं की मळ निघाल्यासारख्या वळ्या सुटतात. मग हाताच्या पाठीवर वाटाण्याएवढं फाउंडेशन घ्या. एवढंच. बोटाने नाकाच्या दोन्ही बाजूंना, हनुवटीवर आणि कपाळाच्या मध्यभागी ठिपके द्या. स्पंज पाण्यात भिजवून घट्ट पिळा आणि थोपटत मधून बाहेर जा. घासू नका, थोपटा. केसांच्या रेषेपाशी आणि जबड्याखाली पोचेपर्यंत स्पंजवर जवळजवळ काही उरलेलं नसावं. तिथेच ते विरून जातं आणि कड दिसत नाही. कान विसरू नका, अंबाडा घालणार असाल तर कानच सगळ्यात आधी उघडे पडतात.

डाग अजून दिसतोय? पूर्ण चेहऱ्यावर दुसरा थर देण्यापेक्षा तेवढ्याच जागी कन्सीलर लावा. शेवटी पावडर, ती फक्त कपाळ, नाक आणि हनुवटीवर. गालांची चमक राहू द्या.

स्पंज नसेल तर बोटं चालतात, धुतलेली. बोटांच्या उबेने फाउंडेशन छान मुरतं. महागड्या ब्रशचा सेट पहिल्या वर्षी घेऊ नका.

डोळ्यांखालची काळी वर्तुळं झाकली की राखाडी दिसतात.

काळसर-निळसर भागावर थेट उजळ कन्सीलर लावला की असंच होणार. आधी नारिंगी रंगाचं करेक्टर अगदी थोडं लावा, निमगोऱ्या त्वचेला पीच आणि सावळ्या त्वचेला गडद नारिंगी. नारिंगी रंग निळसरपणा मारतो. त्यावर त्वचेच्याच शेडचं कन्सीलर. करेक्टर नसेल तर विटकरी-नारिंगी लिपस्टिकचा एक कण बोटावर घेऊन चालवता येतो, पण डोळ्यापासून दूर ठेवून, आणि रोज नको.

फाउंडेशनमध्ये एसपीएफ आहे. मग वेगळं सनस्क्रीन का?

कारण एसपीएफ म्हणजे उन्हापासून किती संरक्षण मिळतं याचा आकडा, आणि डब्यावरचा तो आकडा मिळण्यासाठी त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम इतका थर लागतो. चेहरा आणि मानेसाठी ते साधारण दोन बोटांवर ओढलेल्या रेघांइतकं होतं. एवढं फाउंडेशन कुणीही लावत नाही.

फोटोत चेहरा पांढरा फटक आणि मान वेगळी दिसते, आरशात मात्र ठीक. असं का?

फ्लॅशमुळे. झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड आणि सिलिकाची पांढरी पावडर फ्लॅशचा उजेड परत फेकतात. रात्रीच्या रिसेप्शनला अशी पावडर आणि पांढरा थर ठेवणारं सनस्क्रीन टाळा. घरून निघण्याआधी अंधाऱ्या खोलीत फ्लॅश लावून एक फोटो काढा. दोन सेकंदांचं काम आहे.

माझं लग्न आहे. ट्रायल कधी घ्यावी?

हळद लागण्याआधी. हळदीचा पिवळा रंग एक-दोन दिवस त्वचेवर राहतो आणि त्यावर जुळवलेली शेड नंतर गुलाबी किंवा राखाडी दिसते. म्हणून शेड आधी ठरवून ठेवायची आणि लग्नाच्या दिवशी थोडी पिवळसर शेड मिसळायची तयारी ठेवायची. मेकअप करणारीला हळद कधी आहे ते जरूर सांगा.

आपल्या लग्नातल्या काही गोष्टी बाहेरच्या मेकअपच्या व्हिडिओंमध्ये सापडत नाहीत. मुंडावळ्या कपाळाला आणि गालांना सतत घासतात, तिथे पातळ थर आणि वर पावडर दाबून बसवलेली हवी. दाबाची नथ असेल तर नाकाच्या त्या बाजूला क्रीमसारखं काही नको, नथ घसरते. तिथे फाउंडेशन पुसून नुसती पावडर लावायची. होमाच्या धुराने डोळ्यांतून पाणी येतं, त्यामुळे काजळ आणि मस्कारा पाण्याने न पसरणारेच हवेत. आणि दुसऱ्या दिवशी नवऱ्याकडच्या घरी देवदर्शनाला जाताना कोण मेकअप करणार, याचा विचार आधी करा. त्या दिवसासाठी स्वतःला पाच मिनिटांत जमेल असं काजळ, लिपस्टिक आणि बीबी क्रीम शिकून घ्या.

लिपस्टिकचा पहिला रंग कोणता?

खालच्या ओठाची आतली बाजू बघा. त्या रंगाहून एक-दोन पायऱ्या गडद रंग घेतला की चुकत नाही. सावळ्या, गडद ओठांवर फिकट न्यूड लिपस्टिक चेहऱ्याचं तेज घालवते. विटकरी, डाळिंबी, वांगी, मरून हे रंग बिनधास्त लावा. कुणी ‘तुझ्या रंगाला भडक दिसतं’ म्हणालं तर त्या दिवशी मुद्दाम डाळिंबी लावा, माझा आग्रह आहे. टेस्टर ओठांना लावू नका. हाताच्या बोटाच्या टोकावर लावून बघा, तिथला रंग ओठांच्या जवळचा असतो.

काजळ आणि टिकलीबद्दल काही काळजी?

घरी पाडलेलं काजळ प्रेमाचं असतं, पण डोळ्यात घालण्याइतकं स्वच्छ राहत नाही, आणि बाळाच्या डोळ्यात तर नकोच. सुट्ट्या सुरम्यात शिसं असू शकतं. टिकलीच्या जागी खाज येत असेल किंवा पांढरा डाग दिसायला लागला असेल तर टिकली ताबडतोब थांबवा. काही टिकल्यांच्या गोंदातलं पॅरा टर्शरी ब्युटाइल फिनॉल त्वचेचा रंग घालवतं. डाग लहान असताना डॉक्टर गाठले तर उपाय सोपा जातो.

मुरुमं असताना फाउंडेशन चालेल का?

चालेल. ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ (म्हणजे रोमछिद्रं न बुजवणारं) लिहिलेलं, पातळ, आणि स्पंज दर वापरानंतर साबणाने धुतलेला. न धुतलेला स्पंज मुरुमांना जास्त त्रास देतो.

नकली माल कसा ओळखायचा?

आपल्याकडे प्रसाधनांना २०२० चे नियम लागू आहेत. डब्यावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख आणि घटकांची यादी हवीच. परदेशी मालावर आयात नोंदणी क्रमांक आणि आयात करणाऱ्याचं नाव हवं. यातलं काही नसेल, किंमत निम्म्याहून कमी असेल, अक्षरं पुसट असतील, तर हात लावू नका.

त्याहून जास्त भीती मला बिनलेबलच्या ‘सात दिवसांत गोरं’ करणाऱ्या क्रीमची वाटते. कुणी फाउंडेशनखाली लावायला म्हणून देतं. त्यात अनेकदा पारा किंवा स्टेरॉइड असतं. पाऱ्याने मूत्रपिंडं खराब होतात, केरळमधल्या आणि महाराष्ट्रातल्या डॉक्टरांनी असे रुग्ण पाहिले आहेत. स्टेरॉइडने त्वचा पातळ होते, लाल होते, चेहऱ्यावर लव वाढते, आणि क्रीम थांबवल्यावर आणखी भडकते. कुणी आधीच वापरत असेल तर तिला रागावू नका, डॉक्टरांकडे घेऊन जा.

नवीन काहीही चेहऱ्याला लावण्याआधी कानामागे लावून एक-दोन दिवस बघा.

आईसाठी घ्यायचं आहे, ती पंचावन्नची आहे.

मॉइश्चरायझर जास्त, फाउंडेशन कमी, पावडर जवळजवळ नाही. पावडर सुरकुत्यांत बसते. गालांवर थोडा लालसर क्रीम ब्लश लावा, चेहरा खुलतो. आणि दुकानात तिच्यासाठी तिलाच बोलू द्या.

नवऱ्या मुलाला चालेल का?

हो, का नाही? मानेशी जुळणारी शेड, पातळ थर, दाढीत शिरू न देता. फेट्याखाली घाम येतो, म्हणून टिश्यू खिशात.

मुलगी नववीत आहे, मागते आहे.

गॅदरिंगच्या दिवशी जरूर लावून द्या. रोजच्यासाठी सनस्क्रीन आणि लिप बाम. तिचा रंग लपवण्यासारखा आहे असं तिला वाटत नाही ना, हे हळूच विचारा.

काढायचं कसं, आणि बाटली किती दिवस टिकते?

कापसावर मायसेलर वॉटर (मेकअप काढायचं पाण्यासारखं द्रव) किंवा क्लिन्झिंग बाम, मग फेसवॉश. खोबरेल तेलाने पक्कं काजळही निघतं, पण मुरुमांच्या चेहऱ्यावर ते सगळीकडे चोळू नका. कितीही रात्र झाली तरी काढूनच झोपा.

बाटलीच्या मागे उघड्या डबीचं चित्र आणि त्यात ‘१२ एम’ अशा अर्थाचं काही असतं, म्हणजे उघडल्यावर बारा महिने. उघडल्याची तारीख बाटलीच्या तळाला चिकटवा. मस्कारा तीन ते सहा महिन्यांत टाका. वास बदलला, पाणी वेगळं झालं, तर तारीख बघत बसू नका.

चुकीची शेड घेतली आहे. आता बाटलीचं काय करू?

उजळ असेल तर गडद शेडचं छोटं पॅक घेऊन दोन्ही हाताच्या पाठीवर मिसळा, बाटलीत नाही. प्रमाण एकदा जमलं की आरशावर चिठ्ठी लावा. गडद असेल तर उन्हाळ्यासाठी ठेवा. आमच्या एक काकू दरवर्षी आषाढी वारी चालून येतात तेव्हा त्यांची शेड दोन पायऱ्या बदललेली असते आणि दिवाळीपर्यंत परत येते, त्यांच्याकडे दोन बाटल्या कायमच असतात. फरक थोडाच असेल तर मॉइश्चरायझरच्या थेंबात मिसळून पातळ करा. आणि अंडरटोनच चुकला असेल, चेहरा गुलाबी किंवा नारिंगी दिसत असेल, तर स्वतःवर जबरदस्ती न करता ती बाटली ज्या मैत्रिणीला बसते तिला देऊन टाका. तिने आधी जबड्यावर पट्टा ओढून, खिडकीशी उभं राहून बघितलेलं असू दे.